दोन डुबक्यांमधला वेळ

नेमणुकीच्या कागदावर माझा हुद्दा 'प्रयोगशाळा परिचर' असा होता. उल्हासनगरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात, मी एकतीस वर्षं काढली. बरण्या पुसायच्या, फॉर्मालिन बदलायचं, प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकाला चहा नेऊन द्यायचा, हे झालं कागदावरचं काम. प्रत्यक्षात शेवटची सहा वर्षं माझा बराच वेळ एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या काठावर गेला. पक्षी पाण्याखाली किती वेळ राहतो आणि वर आल्यावर किती वेळ थांबतो, हे मी तिथं बसून मोजत असे.

हे सांगितलं की लोक हसतात. माझ्या सख्ख्या मेहुण्यानं एका लग्नाच्या पंगतीत माझी ओळख "हे आमचे भावोजी, बदकं मोजतात" अशी करून दिली होती. बदकं नव्हेत हो! बदक बिचारं पाण्यावर तरंगतं, शेपटी वर करून डोकं तेवढं बुडवतं. मी बसायचो ते अख्खं अंग घेऊन खाली जाणाऱ्यांसाठी. पण पंगतीत हे कुणाला समजावणार? मी जिलबी खाल्ली.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले आहेत. आहेत तसे, एक-दोन सांगतोच. पण ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसलो ती गमतीची नाही. ती माझ्या हातून झालेली आहे आणि ती घरच्यांनाही मी पूर्ण सांगितलेली नाही.

आधी गंमत. एका सकाळी उल्हासनगरच्याच कॅम्प चारमधले एक कापडवाले शेठ प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. हातात निळी बादली, बादलीवर टॉवेल. कॉलेजात पक्ष्यांच्या मॅडम आहेत असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. टॉवेल बाजूला केला तर आत टिबुकली. मुठीहून जरा मोठा, गोल, शेपूटच नसल्यासारखा दिसणारा हा पक्षी; काही जण याला पाणडुबी म्हणतात. पावसानं ओल्या झालेल्या गच्चीला तळं समजून ती उतरली होती. या पक्ष्याचे पाय पार मागे, बुडाशी असतात. पोहायला उत्तम, चालायला निकामी. उडायचं तर पाण्यावरून लांबवर धावत जावं लागतं. गच्चीवर तिला ते कुठून जमणार? शेठाणींना तिची दया आली.

"बहुत गंदी थी साईं, तो मिसेसने नहला दिया," शेठजी म्हणाले. "बेबी शॅम्पू से."

"आणि मग?" मी विचारलं.

"फिर पानी में छोडा. पानी का पंछी है ना? पर ये तो डूब रही है, भाऊ! पानी का पंछी पानी में डूब रहा है, ये क्या तमाशा है?"

मला हसू आवरेना. मॅडम, म्हणजे आमच्या विभागातल्या प्राध्यापक, मात्र हसल्या नाहीत. त्या उल्हासनगरातच जन्मलेल्या सिंधी बाई. मराठी बोलायच्या, पण रागावल्या की हिंदीवर यायच्या. "भोईर, हसते क्या हो, गरम पाणी आणा," म्हणाल्या. कोमट पाण्यानं साबणाचा अंश जाईपर्यंत त्यांनी त्या पक्ष्याला धुतलं, टिपलं, खोक्यात ठेवलं आणि वर दिवा लावला. मग शेठजींना स्टुलावर बसवून समजावलं. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा नीट ऐकलं.

पाणपक्ष्याच्या अंगाला तेल असतं म्हणून तो भिजत नाही, असं आपण समजतो. तेल असतंच, पण खरी करामत पिसांच्या विणीची. पिसांचे बारीक धागे एकमेकांत इतके घट्ट अडकलेले असतात की पाण्याला आत शिरायला वाव मिळत नाही आणि आतली हवा आतच राहते. ती हवा त्याला तरंगवते आणि तीच त्याला ऊब देते. साबण लागला की पाण्याचा स्वभावच बदलतो. जिथं ते शिरू शकत नव्हतं तिथं शिरतं आणि हवा निघून जाते. मग पक्षी पाण्यात बसत जातो आणि गारठतो. शेठजींच्या बादलीत ती बुडत होती ती या साबणानं.

चौथ्या दिवशी ती कोरडी झाली, चोचीनं पिसं विंचरायला लागली आणि आम्ही तिला त्या खाणीच्या तळ्यात सोडून आलो. शेठजी पुढे दर दिवाळीला फोन करायचे. "मेरी वाली कैसी है?" तिथल्या वीस-पंचवीस टिबुकल्यांत त्यांची कोणती हे मला एकदाही ओळखता आलं नाही. पण मी "मजेत आहे" म्हणून सांगायचो. माणूस खूश व्हायचा, माझं काय जात होतं?

दुसरी गंमत बदलापूरची. मी राहायला हेंद्रेपाड्यात. कात्रपमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला तातडीनं बोलावलं. पाण्याच्या टाकीवर एक काळा पक्षी तासभर पंख पसरून उभा होता. कुणी म्हणत होतं विजेचा झटका बसला, कुणी म्हणत होतं लकवा झाला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चक्क हात जोडले होते. मी वर पाहिलं. पाणकावळा. मासे खाऊन आला होता आणि कपडे वाळत घातले होते, एवढंच. त्याची वरची पिसं मुळातच भिजणारी असतात. अंगात हवा कमी म्हणून खोल जायला सोपं, पण वर आलं की उन्हात उभं राहणं भाग. टिबुकलीचं उलट: ती कोरडी राहते आणि खाली जायला जास्त कष्ट उपसते. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हाकलायचा की नाही?"

आता कष्टांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाडीची फुगवलेली ट्यूब पाण्याखाली दाबून धरायचा खेळ उल्हास नदीत पोहलेल्या आमच्या पिढीतल्या प्रत्येकानं केलेला आहे. ट्यूब उसळी मारून वर येते. टिबुकलीची ट्यूब तिच्या अंगातच असते, पिसांतली हवा. त्यामुळे खाली राहायचं तर सारखे पाय मारत राहायचं, तेही श्वास कोंडून. प्राणवायू असतो तो रक्तात आणि स्नायूंत साठवलेला. बुडी मारणाऱ्या पक्ष्यांचे स्नायू म्हणूनच गडद लाल असतात. बुडी लांबली की हृदयाचे ठोके मंदावतात, साठा पुरवून वापरला जातो. पंधरा-वीस सेकंदांत कीटक किंवा मासोळी पकडायची आणि वर यायचं. वर आल्यावर ती नुसती बसलेली दिसते, पण तेव्हा ती दम घेत असते. तीन मजले चढून आलेला माणूस दारात उभा राहून "थांब जरा" म्हणतो ना, तसं. दम भरला की पुन्हा खाली.

म्हणून मॅडमना त्यांच्या संशोधनासाठी दोन आकडे हवे होते. खाली किती आणि वर किती. वर थांबण्याचा आकडा वाढला तर समजायचं की या पक्ष्याला बुडी जड जातेय. थंडी असेल, उपास असेल, आजार असेल. पक्ष्याला हात न लावता, कुठलंही यंत्र न बसवता, नुसतं काठावर बसून हे कळतं. मला ही पद्धत फार आवडली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारख्या बारावी नापास माणसानं लिहिलेल्या आकड्यांकडे कुणीतरी डोळे लावून बसलेलं होतं.

तळं अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या डोंगराच्या पायथ्याशी. दगड काढून झाल्यावर खाण पाण्यानं भरली, कडेला पाणगवत उगवलं आणि पक्षी आले. वरून एक ओहोळ त्यात यायचा. पलीकडच्या उतारावर ठाकर आदिवासींची पंधरा-वीस घरांची वाडी. त्यांची आंघोळ, धुणं, शेरडांचं पाणी, सगळं त्या तळ्यावर. आठवड्यातून दोनदा मी सकाळी सातला दुर्बीण, स्टॉपवॉच आणि लांबट वही घेऊन एका सपाट दगडावर बसायचो. वहीत चार रकाने: पक्षी, खाली, वर, शेरा.

मॅडमचा एक नियम होता. पक्षी वर आल्यावर कुत्रा आला, घार फिरली, कुणी दगड मारला, तर तो घाबरून उगाच थांबतो. तो आकडा दमाचा नव्हे. असा आकडा लाल पेन्सिलीनं खोडायचा आणि शेऱ्यात 'व्यत्यय' लिहून कारण लिहायचं. सरासरीत तो धरायचा नाही. नियम शहाणपणाचा होता. मी आजही त्याला नावं ठेवत नाही.

नावं ठेवायची ती मला. दोन वर्षं मी इमानानं लिहिलं. महिन्याच्या शेवटी सरासरी काढून मॅडमपुढे वही ठेवली की त्या पानं उलटायच्या आणि म्हणायच्या, "भोईर, कागद किती स्वच्छ आहेत तुमचे! पोस्टग्रॅज्युएटची पोरं असं लिहीत नाहीत." घरी येऊन मी हे बायकोला सांगायचो. तिला त्यातलं काही कळत नसे, पण माझं तोंड बघून ती खूश व्हायची. त्या कौतुकाची मला चटक लागली. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा आला की तो डोळ्यांत खुपायला लागला. मॅडमना वाटेल भोईरचं लक्ष नव्हतं, बटण उशिरा दाबलं. मग मी तो खोडायचो. कारणाचा रकाना मोकळा सोडता येत नसे. सुरुवातीला 'कुत्रा' लिहिलं. कुत्रे फार झाले असं वाटलं तेव्हा 'म्हैस' लिहायला लागलो. म्हैस पाण्यात उतरते, पक्षी लांब सरकतो, कुणालाही पटेल असं कारण.

तिथं म्हैस मी एकदाही पाहिलेली नव्हती.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा ओहोळाच्या वरच्या अंगाला जीन्स धुण्याचा एक कारखाना आला. नव्या कोऱ्या पँटी धुऊन, घासून, जुन्या दिसतील अशा करायच्या, असा हा धंदा. आधी असले कारखाने उल्हासनगरात होते, मग पांगले. मला तो कारखाना दिसतही नव्हता. मधे टेकाड होतं. ओहोळाचं पाणी कधी निळसर दिसायचं, कधी नाही.

त्याच हिवाळ्यात माझ्या वहीतले वरचे आकडे लांबायला लागले. खालचे तसेच. टिबुकली पूर्वीसारखीच पंधरा-वीस सेकंद खाली जायची, पण वर आल्यावर बसून राहायची. चोचीनं छातीची पिसं ओढत राहायची. मिनिट, दीड मिनिट. मला वाटलं, माझं वय झालं, लक्ष राहत नाही. मला वाटलं, स्टॉपवॉच बिघडलं. मी ते बदलून घेतलं. नव्यातही तेच यायला लागलं. मग मी लाल पेन्सिल काढली.

वाडीतली सोमीबाई रोज सकाळी त्या बाजूला गळ टाकून बसायची. पन्नाशीची, कमरेत वाकलेली, बडबडी. मी काय करतो हे तिला मॅडमपेक्षा नीट कळलं होतं, कारण ती जन्मभर त्या पक्ष्यांच्या शेजारी मासे धरत होती. एक दिवस ती माझ्या दगडापाशी येऊन म्हणाली, "भाऊ, तुमची पानडुबी बाहेर येऊन बसते आताशी."

"कुठं बाहेर?"

"काठावं. चिखलात. पोटावं बसते. मी लानपनापासून बघतंय, ती पान्याबाहेर नाय बसत कवा. आंडी घालती ती बी पान्यावच. तिला काय झालंया? लिवा तुमच्या वहीत."

मी म्हणालो, "बाई, मला फक्त वेळ लिहायचा असतो. बाकीचं लिहायचं नसतं."

"मंग वेळ लिवा की! काठावं बसल्याली वेळ लिवा."

मी हसून मान हलवली. चालता न येणारा पक्षी पाणी सोडून चिखलात येतो याचा अर्थ पाण्यात त्याला गारठा सोसवत नाही, हे मला कळायला हवं होतं. शेठजींची बादली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. पण ती बादली होती आणि हे तळं होतं. काठावर बसलेल्या टिबुकलीसाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता. त्या दिवशी मी सात ओळी खोडल्या आणि सातही ठिकाणी 'म्हैस' लिहिलं.

पुढच्या पावसाळ्यात पिल्लं झाली. टिबुकलीची पिल्लं आईच्या पाठीवर, पंखांच्या आत बसतात. आई त्यांना घेऊन तरंगते. त्या वर्षी आया इतक्या खाली बसलेल्या होत्या की पाठच पाण्याबरोबर लागली होती. पिल्लं चढायची आणि घसरायची. एकदा मी दुर्बिणीतून तीन पिल्लं मोजली, पुढच्या खेपेला एक, त्यापुढच्या खेपेला आई एकटीच. मी हळहळलो. घार असेल म्हणालो.

त्याच वर्षी मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेल्या आणि आणखी काही महिन्यांनी मी सुटलो. कपाट रिकामं करताना वह्या कुणाला नकोच होत्या, म्हणून त्या मी घरी आणल्या. सवय म्हणून मी तळ्यावर जातच राहिलो. एका सकाळी सोमीबाईनं पदरात गुंडाळून टिबुकली आणून माझ्या हातात दिली. पाण्यातून काढलेल्या कापसासारखी ती लिबलिबीत झाली होती. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. थरथरत होती. पक्षी थरथरतो तो ऊब निर्माण करायला. त्याला खाणं लागतं. खाणं हवं तर बुडी मारायला हवी. आणि बुडी मारली की ती आणखी भिजणार. यातून तिला बाहेर पडायची वाटच उरली नव्हती. घरी आणली, खोकं, दिवा, सगळं केलं. दुपारी जेवून उठलो तर गेली होती. पिसांना हुंगलं तर धुण्याच्या पावडरीचा वास आला.

त्या दिवशी मी रडलो. बायको म्हणाली, "अहो, पक्षीच तर होता."

वाडीचं दुखणं वेगळं होतं, पण पाणी तेच. पोरांच्या अंगावर चट्टे उठत होते, खाजवून खाजवून रक्त काढत होती. वाडीनं सरकारी कचेरीत कारखान्याविरुद्ध तक्रार केली. पाण्याचा नमुना घेतला गेला तो भर पावसात, ओहोळ दुथडी वाहत असताना; त्यात काय सापडणार? ठरीव निकषांत पाणी बसलं. तरी सुनावणी लागली. पाण्यात परवा काय होतं ते आज सिद्ध करता येत नाही, त्यासाठी कुणीतरी आठवड्यामागून आठवडा लिहून ठेवलेलं लागतं. आणि तसं लिहून ठेवलेला माणूस वाडीला माहीत होता.

सोमीबाई दोन बायकांना घेऊन हेंद्रेपाड्यात माझ्या घरी आली. "भाऊ, तुमची वही दावा सायबाला. तुमी सगळं लिवलंय."

छाती फुगली हो माझी. खोटं कशाला बोलू? सहा वर्षांचं काम अखेर कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतं. पहिल्या वर्षी पक्षी किती थांबायचे आणि शेवटच्या वर्षी किती, फरक मी डोळ्यांनी पाहिला होता, तेव्हा तो वहीत असणारच असं मी धरून चाललो. वह्या पुसल्या, नवीन कव्हरं घातली आणि कचेरीत जमा केल्या. पानं उलटून पाहिली नाहीत.

सुनावणीच्या दिवशी कारखान्याच्या बाजूनं एक गृहस्थ आले होते. सभ्य, हळू बोलणारे. त्यांनी माझ्या वह्या एकूण एक वाचल्या होत्या. "भोईरसाहेब, अक्षर सुंदर आहे आपलं," त्यांनी सुरुवात केली. मग त्यांनी पहिल्या वर्षीची सरासरी वाचून दाखवली आणि शेवटच्या वर्षीची. दोन्ही माझ्याच हातच्या. फरक नव्हता. लांबलेला प्रत्येक आकडा मीच खोडून बाहेर टाकला होता. मागे राहिले होते ते फक्त ठणठणीत पक्षी.

"खोडलेल्या ओळी शेवटी शेवटी वाढल्यात, हे मी मान्य करतो," ते सुनावणी घेणाऱ्या साहेबांना म्हणाले. "कारणंही यांनीच लिहिलीत. म्हैस. म्हैस. म्हैस. एकाच दिवशी सात वेळा म्हैस. सर, पक्ष्यांना त्रास होता तो वाडीच्या जनावरांचा. पाणी घाण होतंय तेही त्यामुळेच असणार. आमचा संबंध काय?"

सोमीबाई दाराशी उभी होती. ती तिथूनच बोलली. "म्हस? सायेब, आमच्या वाडीत म्हस नाय. एक बी नाय. शेरडं हायेत, कोंबड्या हायेत." मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, सांगा ना सायबाला. तुमी तर रोज बसायचं तिथं. कवा बघितली म्हस?"

मी गप्प राहिलो असतो तर दोष वाडीवर गेला असता. बोललो असतो तर वह्याच खोट्या ठरल्या असत्या. दोन्हीकडून वाडीच हरत होती आणि ही वेळ मीच तिच्यावर आणली होती. मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, म्हैस नव्हती. आकडा लांब आला की मी तो खोडायचो. कारण लिहावं लागायचं, म्हणून म्हैस लिहिलं. पक्षी खरंच तेवढा वेळ थांबत होते. ते भिजत होते."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग उरलेल्या ओळी खऱ्या आहेत हे मी कशावरून धरू?"

"त्या मी पाहून लिहिल्यात, साहेब."

"म्हशीही तुम्ही पाहून लिहिल्यात, असंच या कागदावरून आजपर्यंत दिसत होतं."

त्यांनी वह्या एकावर एक रचल्या आणि बाजूला सारल्या. पुराव्याअभावी तक्रार निकाली काढल्याचं पत्र दीड महिन्यानं वाडीला आलं.

मी मॅडमना पुण्याला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या हिंदीतून झाडतील. त्या मराठीतच म्हणाल्या, "भोईर, मी पण कधी विचारलं नाही, एवढ्या म्हशी आल्या कुठून. स्वच्छ कागद मलाही आवडत होते." त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही, माझाही गेलेला नाही.

तळ्यावर आता टिबुकली नाही. शेवटची कधी गेली ते सांगता येणार नाही, कारण सुनावणीनंतर मी तिकडे फिरकलो नाही. ज्या उडू शकत होत्या त्या उडून गेल्या असतील असं मी स्वतःला सांगतो. पण भिजलेल्या पिसांनी पाण्यावरून धावत उठणं किती अवघड, हे मला चांगलं ठाऊक आहे. कारखाना चालू आहे.

पुढच्या वैशाखात बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेला बाजारात सोमीबाई दिसली. शेवळं या रानभाजीच्या जुड्या मांडून बसली होती. मी तोंड चुकवून पुढे जाणार तेवढ्यात तिनं हाक मारली. मला वाटलं आता चारचौघांत शिव्या देणार, आणि तिनं दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि विचारलं, "येत नाय आता?"

"येऊन काय करू बाई? मोजायला पक्षी कुठं राहिलेत?"

"पोरं हायेत ना," ती म्हणाली. "रातंदिस खाजवत्यात. माझ्या नातवाच्या पायाचं सालटं गेलंय. त्यांचं मोजा. कुनाला कवा उठलं, किती दिस राहिलं, सगळं लिवा. तुमाला येतं लिवाया, आमाला नाय येत." गिऱ्हाईक आलं म्हणून ती तिकडे वळली, आणि वळता वळता म्हणाली, "पन म्हस नका लिवू."

मी "येतो" म्हणालो. त्याला दोन पावसाळे झाले. मी अजून गेलेलो नाही.